उरलेलं कुठे गेलं

मुलगी सात वर्षांची होती. न्हाणीत उतरवून ठेवलेल्या कढत पाण्याच्या बादलीवर ती घसरून पडली. उजवी मांडी आणि गुडघ्याची मागची बाजू भाजली. बादली माझ्या नणंदेने ठेवली होती. तिला कोणी काही बोललं नाही, आणि त्या दिवसापासून तीही त्याबद्दल काही बोलली नाही.

ज्या रुग्णालयात मुलीला ठेवलं, ते आमच्या गावापासून बसने तासाभरावर आहे. मुलांच्या वॉर्डात आठ खाटा होत्या. आमची खिडकीकडची. शेजारच्या खाटेवर तिच्याच वयाचा एक मुलगा होता. त्याच्या नाकातून पोटात नळी घातलेली होती आणि ती गालावर चिकटपट्टीने धरलेली होती. दर काही तासांनी सिस्टर मोठ्या पिचकारीने त्या नळीतून दुधासारखं काहीतरी सोडायची. माझी मुलगी त्या वेळी तोंड भिंतीकडे करून झोपायची.

मी कणकवलीला एका वर्तमानपत्राच्या कचेरीत काम करते. दुपारी दोनला पाळी सुरू होते. नवरा जहाजावर होता, फोन लागेल तेव्हा बोलायचा. त्यामुळे व्यवस्था अशी बसली: सकाळ माझी, दुपारी साडेबारापासून मी परत येईपर्यंत नणंदेची. ती मालवणच्या बाजारात मासे विकते. त्या दिवसांत ती लवकर माल संपवून, हात लिंबाने चोळून, साडी बदलून बसने यायची. दुपारचं जेवण, चारचं दूध, संध्याकाळचं जेवण हे सगळं तिच्या हातून व्हायचं. मी परतायचे तेव्हा मुलगी झोपलेली असायची. खाटेच्या पायथ्याला आहाराचा तक्ता लटकवलेला असे. मी तो वाचायचे. दूध, पूर्ण. अंडं, पूर्ण. वरण-भात, पूर्ण. मी माझ्या वहीत ते उतरवून घ्यायचे.

सकाळी मुलगी अर्धा कप दूध घेऊन तोंड फिरवायची. आदल्या दिवशी एवढं जेवली आहे, तेव्हा सकाळी भूक नसणारच, असं मी धरून चालले. कचेरीत कोणी एकाच माणसाच्या तोंडची माहिती बातमी म्हणून आणली, तर मी ती परत पाठवते. इथे दहा दिवस एकाच तक्त्यावर विसंबले आणि तो तक्ता कोण कुणाला विचारून भरतं, हे विचारलंही नाही.

दाखल झाली तेव्हा तिचं वजन एकोणीस किलो दोनशे होतं. अकराव्या दिवशी, मंगळवारी, सतरा किलो चारशे भरलं.

डॉक्टरांनी तक्ता चाळला, मग मुलीच्या दंडाला हात लावून पाहिला.

"तक्त्यात एवढं खातेय आणि अंगाला काहीच लागत नाही. आतून काही संसर्ग आहे का, ते बघतो. रक्त पुन्हा तपासायला पाठवू. दुसऱ्या मांडीची कातडी काढून इथे लावायची आहे, पण अशा अवस्थेत मी ते करणार नाही. लावलेली कातडी धरणार नाही. सोमवारी सकाळपर्यंत वजन घटायचं थांबलं नाही, तर नळी घालू."

मुलीने शेजारच्या खाटेकडे पाहिलं. रक्त घेताना ती रडली, आणि सिस्टरला म्हणाली, "नाकात नको. हातातच टोचा."

बुधवारी मी साडेबाराच्या सुमारास निघाले आणि बसथांब्यावर पोचल्यावर लक्षात आलं की चष्मा खाटेशेजारच्या कपाटावर राहिलाय. परत फिरले. वॉर्डात शिरले तेव्हा दुपारचं जेवण वाढून झालं होतं. मुलगी उशीला टेकून बसली होती, नणंद स्टुलावर. ताट तिच्या मांडीवर होतं. ती उकडलेलं अंडं मिठाला लावून खात होती. शांतपणे, घाईने नाही. मग तिने वरण-भाताचे उरलेले घास गोळा केले, तेही खाल्ले आणि ताट बोटाने निपटून स्टुलाखाली ठेवलं. तेवढ्यात सिस्टर आली. "जेवली?" तिने विचारलं. "जेवली," नणंद म्हणाली. सिस्टरने रिकामं ताट पाहिलं आणि तक्त्यावर लिहिलं.

मी नणंदेला व्हरांड्यात बोलावलं.

"ताई, ता अंडा तिच्यासाठी होता."

"तिका नको होता. दोनदा तोंडाक लायला, थुकल्यान. मगे काय टाकूचा?"

"सिस्टरीक सांगूचा, खाल्ल्यान नाय म्हणून."

"आणि ती वराडली मगे? म्हणतली, एवढ्याशा पोरीक भरवूक येणा नाय तुमका. अन्न परत पाठवूची पद्धत खंयची ती? आमच्या घरात पानात कधी काय उरला?"

खरं होतं ते. त्या घरात पानात काही उरत नाही. मुलाचं उरलं तर आईने खायचं, आईचं उरलं तर आजीने. ताट धुवायला जाताना स्वच्छच असतं. मी लग्न होऊन आले त्या आठवड्यात हे शिकले. दहा दिवस रुग्णालयात तेच चाललं होतं: मुलीचा आहार नणंदेच्या पोटात जात होता आणि मुलीच्या नावावर लिहिला जात होता. डॉक्टर मात्र तिच्या रक्तात संसर्ग शोधत होते.

"ती काय खाता मगे?" मी विचारलं.

"पेज देतंय घराकडची. वरची निवळ. ताच काय ता खाता."

निवळ म्हणजे पेजेवरचं पाणी. त्यात मीठ असतं, तांदूळ जवळजवळ नसतो.

मी कचेरीत फोन करून आठवड्याची रजा सांगितली. मग खाटेजवळ गेले आणि मुलीला विचारलं, काय खावंसं वाटतं. तिने नणंदेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"माका माशे व्हये," ती म्हणाली. "पण आते म्हणता, देव रागावतलो."

पुन्हा व्हरांडा. या वेळी नणंद कठड्याला टेकून उभी राहिली आणि खाली मोटारसायकली लावल्या होत्या तिकडे बघत बोलली. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी तिने गावच्या देवळात गुरवाकरवी गाऱ्हाणं घातलं होतं. पोरगी चालत घरी येईपर्यंत तिच्या तोंडाला मासा लावणार नाही, असा शब्द दिला होता.

"तुम्ही स्वतः कित्याक नाय सोडलास?" मी विचारलं.

"माझ्या सोडण्याक किंमत काय गो? दिसभर माशातच बसतंय, माका त्येचो कंटाळो. देवाक देवचा ता आवडीचा देवचा. ह्या पोरीचा आवडता काय, तुका म्हायत आसा." मग म्हणाली, "आणि भाजल्यार माशे खाल्ले तर जखम चिघळता, ह्या पण आसाच. बादली माझ्या हातची. माका काय तरी करूक व्हया होता."

बादलीचा उल्लेख तिने केला तो तेवढाच. बोलण्याजोगं जे होतं ते सोमवारच्या सकाळबद्दल होतं आणि मध्ये साडेचार दिवस होते.

रुग्णालयाच्या आहारतज्ज्ञ बाई पहिल्या मजल्यावर बसत. पंचविशीच्या, कोल्हापूरकडच्या. आम्ही दोघी गेलो. मी ताटाची हकीकत सांगितली. नणंद दाराशी उभी राहिली. बाईंनी ऐकून घेतलं, कुणाला दोष दिला नाही, आणि आधी वर फोन करून डॉक्टरांना कळवलं. मग वही पुढे ओढली.

"भाजलेल्या मुलांना एरवीपेक्षा जास्त लागतं. जखम भरायला अंगातलंच घेतलं जातं. अंडी, दूध, डाळ, मासे, काहीही चालेल, पण पोटात जायला हवं. माशाने जखम चिघळत नाही. फक्त मला एक सांगा, आजारी मुलाला मासा जड नाही पडणार? कुठला द्याल?"

"मुडदुशे," नणंद दारातून म्हणाली.

"ते काय असतं?"

"बारीक, लांबट मासो. मऊ. मधलो काटो ओढलो की सुटता. जड कसलो गो बाय? बाळंतिणीक आम्ही ताच घालतो, दगड नाय घालणव."

बाई हसल्या. "मी स्वतः खात नाही. पण त्यात काय असतं ते मला माहीत आहे." त्यांनी अटी लिहून दिल्या. मासा त्याच दिवशीचा, मसाला कमी, घरून झाकलेल्या डब्यात आणायचा, आणल्यावर लगेच द्यायचा, काटे घरी एकदा आणि इथे एकदा तपासायचे. वॉर्डात वास नको, म्हणून चाकाच्या खुर्चीवरून व्हरांड्यात नेऊन भरवायचं.

वर वॉर्डात परतताना नणंद जिन्यात थांबली. "सगळा खरा. पण शबूद दिललो आसा."

मी तिला सांगू शकले असते की हे सगळं खुळ्यासारखं आहे. तिने मान हलवली असती, आणि दुसऱ्या दिवशी माझी पाठ वळल्यावर डबा स्वतः खाल्ला असता. मुलीनेही घास तोंडात घेतला नसता, कारण आत्याचा देव रागावेल ही भीती तिच्यापर्यंत पोचली होती. म्हणून मी विचारलं, "शब्द दुसऱ्यावर घालूक येता?"

तिने विचार केला. मग गुरवाला फोन लावला. बोलणं बराच वेळ चाललं. शेवटी ती म्हणाली, "येता. पण घेवची ती घरची व्हयी. आणि आपल्या तोंडान सांगूक व्हया, देवासमोर. तू सांगशीत?"

"सांगतंय."

"तू तर देवळात हात पण धड जोडणस नाय."

"जोडतंय उद्या."

गुरुवारी सकाळच्या पहिल्या गाडीने गावी गेले. देवळात गुरव आणि मी, दोघंच. तो म्हणाला, ज्याचा शब्द आहे ते माणूस हवं. नणंद तर मुलीजवळ बसलेली. मग त्यानेच तोडगा काढला. मोबाइल स्पीकरवर टाकून नारळाशेजारी ठेवला. तो गाऱ्हाणं बोलू लागला: लेकरू दुखण्यात आहे, आत्याने घातलेला भार आई आपल्या शिरावर घेते आहे, चूकभूल झाली असेल तर पोटात घाल. प्रत्येक वाक्यानंतर फोनमधून नणंदेचा आवाज यायचा, "व्हय महाराजा." तिसऱ्या खेपेला मागून सिस्टरचा आवाज आला, "अहो, हळू बोला, मुलं झोपलीत." त्यानंतरचे होकार कुजबुजल्यासारखे आले.

मग गुरवाने माझ्याकडे पाहिलं. मी वाक्य मनात तयार करून आणलं होतं, जमेल तेवढं नेमकं. मुलगी स्वतःच्या पायांनी घरात येईपर्यंत मी मासे खाणार नाही. यात मी काय मानते आणि काय मानत नाही, हा प्रश्न तिथे कुणी विचारला नाही, आणि मलाही तो त्या सकाळी महत्त्वाचा वाटला नाही. वाक्य पाळण्याजोगं होतं. मी ते बोलले.

तिथून मालवणच्या बाजारात. नणंदेच्या जागेवर तिची शेजारीण बसली होती. तिला सगळं कळलेलं होतं. तिने मुडदुशे आधीच बाजूला काढून ठेवले होते. "तुया सोडलंस म्हणतत," ती म्हणाली. "बघूया किती दिस. आज सौंदाळे काय झक्क इलेत, बघ." मी बघितलं नाही.

घरी जाऊन मासे हळद-मिठात, थोड्या नारळाच्या रसात शिजवले, काटे काढले. आटवल, म्हणजे मऊ शिजवलेला भात, दुसऱ्या डब्यात भरली. एकच्या आत रुग्णालयात होते. खुर्ची व्हरांड्यात नेली. नणंदेने घास हातात धरून उजेडात दोन्ही बाजूंनी तपासला आणि मुलीच्या तोंडासमोर नेला.

"देव?" मुलीने विचारलं.

"तुझ्या आवशीन सांभाळल्यान. खा."

वहीत मी चार रकाने आखले होते. वाढलं, खाल्लं, उरलं, उरलेलं कुठे गेलं. त्या दुपारची नोंद अशी आहे. वाढलं: मुडदुशे दोन, आटवल एक वाटी. खाल्लं: मुडदुशे दोन, आटवल पाऊण वाटी. उरलं: पाव वाटी. चौथ्या रकान्यासाठी मी वर पाहिलं, तर वाटी रिकामी होती.

"लिव," नणंद पदराला हात पुसत म्हणाली. "पाव वाटी मी खाल्लंय. खोटा नको लिवू."

माशाने जखम बरी झाली, असं मला इथे म्हणायचं नाही. मासा दिवसातून एकदाच होता. पण त्याच्या रसाबरोबर भात जायला लागला, भाताबरोबर शुक्रवारी अर्धं अंडं गेलं. ते रसात बुडवून दिलं होतं आणि मुलीने ते ओळखूनही खाल्लं. चारच्या दुधात आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलेली पूड घालायला सुरुवात केली. मध्ये नाचणीचं सत्त्व. शेंगदाण्याचा लाडू चार तुकडे करून, दर दोन तासांनी एक. मी घड्याळ लावून बसले. नणंद बाजार आटोपून आली की मी उठायचे, पण वही तिच्या हातात देऊन. तिची अक्षरं मोठी होती आणि ओळ वर चढत जायची. आकडे बरोबर असत.

शनिवारी पट्टी बदलायची होती. ते सकाळी अकराला झालं. त्यानंतर मुलीने तोंड मिटलं ते मिटलंच. दुपारचा मासा तसाच राहिला. वहीत त्या वेळेपुढे सलग तीन शून्यं आहेत. नणंद व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. मला दिसलं की तिला रिकामं ताट सिस्टरला द्यायचंय आणि ती ते करत नाहीये. मग ती आत आली, भरलं ताट दोन्ही हातांनी उचललं, वॉर्डाच्या मधून चालत सिस्टरच्या टेबलापर्यंत गेली आणि म्हणाली, "जेवली नाही. काही नाही खाल्लं. लिहा."

सिस्टर ओरडली नाही. तिने लिहिलं आणि बाईंना फोन केला. बाईंनी दुखणं थांबायचं औषध जेवणाच्या किती आधी दिलं होतं, ते विचारलं. वेळ चुकली होती, जेवणापर्यंत त्याचा असर ओसरला होता. डॉक्टरांना विचारून ती पुढे सरकवली. पाच वाजता मुलीने सत्त्व मागितलं. सातला आटवल खाल्ली, वाटीभर.

नळीवाल्या मुलाचे आजोबा हे सगळं बघत होते. नातवाची नळी दोन दिवसांत काढायची होती, त्याला आता तोंडाने थोडं थोडं सुरू केलं होतं. ते नणंदेला म्हणाले, "तुमी ता परत दिलास ता बरा केलास. मी पण कालपासून ह्येचा दूध पितंय." तिने त्यांना माझ्या वहीतलं एक पान फाडून दिलं. रकाने तिनेच आखले, वर चढत जाणारे.

सोमवारी सकाळी सिस्टरने काटा आणला. मुलीला दोघींनी धरून उभं केलं. आकडा हलत राहिला. सतरा सहाशे, सतरा तीनशे, मग स्थिरावला. सतरा किलो पाचशे. सिस्टर म्हणाली, पुन्हा घेऊ, हिने माझा हात धरलाय. हात सोडवून पुन्हा घेतलं. सतरा पाचशे.

डॉक्टर आले तेव्हा आम्ही तक्ता आणि वही दोन्ही पुढे केली. रक्ताच्या तपासणीत काही निघालं नव्हतं. त्यांनी वहीची पानं उलटली. शनिवारच्या शून्यांवर थांबले.

"हे खरं दिसतंय," ते म्हणाले. "नळी नको. हे असंच चालू ठेवा. पुढच्या आठवड्यात बघून कातडी लावू."

मुलगी म्हणाली, "आज सोमवार. आज माशे नाय." आमच्या घरी सोमवारी मासे करत नाहीत. त्या दिवशी तिने वरण-भात खाल्ला, कुरकुर करत, अर्ध्याहून जास्त.

कातडी लावली ती धरली. एक कोपरा सोडून, तो नंतर सावकाश भरला. त्यानंतरही बरेच दिवस तिथेच होतो. माझी रजा संपली, पुन्हा पाळ्या सुरू झाल्या, वही दोघींमध्ये फिरत राहिली. घरी सोडलं त्या दिवशी मुलगी उंबऱ्यापर्यंत माझा हात धरून आली आणि उंबरा तिने हात सोडून ओलांडला, कारण नणंदेने तिला तसं बजावून ठेवलं होतं. नारळ देवळात पोचला. गुरवाने फोनवर सांगितलं, मोकळी झालीस.

दुपारी नणंदेने बांगडे तळले. मला पहिला वाढला. इतक्या दिवसांनी खाताना मी कुणाकडे बघितलं नसावं, कारण मुलगी समोर वही घेऊन बसल्याचं मला जेवण संपल्यावर दिसलं. शेवटच्या पानावर तिने रकाने आखले होते. वाढलं: बांगडो एक. खाल्लं: एक. उरलं: काटो.

ती माझ्या ताटाकडे बघत होती. काटा तिथे नव्हता. तिने वाकून पाटामागे पाहिलं, मग चौथ्या रकान्यात लिहिलं: माजर.